तिसऱ्या अंकाचा इतिहास : एक दुरुस्ती आणि अकरा वर्षे

१/ पर्ल ५.८.१. पीएचपी ५.३.९. पायथन २.७.३. ही संगणकभाषांच्या आवृत्त्यांची नावे. पहिला अंक बदलला की सोहळे होतात, दुसरा बदलला की व्याख्याने होतात. तिसरा बदलला की बहुतेक जण 'नंतर पाहू' म्हणून पुढे जातात. संगणकसुरक्षेच्या इतिहासाचा फार मोठा भाग मात्र या तिसऱ्या अंकातच घडला आहे. 🧵

२/ तिसरा अंक देखभालीचा. या आवृत्तीत नव्या सोयी अपेक्षित नसतात; जुन्या चुका दुरुस्त करावयाच्या असतात. तिच्यामागे एक वचनही असते : काल चालणारा प्रोग्राम उद्याही चालेल. पण सुरक्षेसाठी हेच वचन मोडावे लागले तर? २००३ ते २०१४ या काळात पाच मोठ्या भाषांना या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले, आणि प्रत्येकीने ते वेगळे दिले.

३/ प्रथम मूळ दोष पाहू. जुन्या दप्तरखान्यात कागद रुमालांत बांधून ठेवीत. समजा, पत्रावरील नावावरून एक सोपा हिशेब करायचा आणि येईल त्या क्रमांकाच्या रुमालात पत्र ठेवायचे, असा कारकुनाचा नियम आहे. पत्रे सर्व रुमालांत सारखी विखुरतात आणि हवे ते पत्र क्षणात सापडते. संगणकातील 'हॅश टेबल' नेमके हेच करते.

४/ आता कोणा खोडसाळ माणसाला कारकुनाचा हिशेब ठाऊक झाला. त्याने मुद्दाम अशी नावे निवडली की प्रत्येक पत्र एकाच रुमालात जावे. नवे पत्र ठेवण्यापूर्वी त्या नावाचे पत्र आधीच आहे का, हे कारकुनाला पाहावे लागते. म्हणजे प्रत्येक वेळी तो सगळा रुमाल चाळणे आले. दप्तर जागच्या जागी असते, कुलूपही शाबूत असते, पण कामकाज ठप्प होते.

५/ आकड्यांत सांगायचे तर एकाच रुमालात १,००० नोंदी कोंबल्या तर सुमारे ५ लाख तुलना कराव्या लागतात. १ लाख नोंदी कोंबल्या तर सुमारे ५०० कोटी. नोंदी शंभरपट वाढल्या, श्रम दहा हजारपट वाढले. संकेतस्थळाला पाठवलेल्या एखाद्या फॉर्ममध्ये अशी नावे भरली की सर्व्हर त्यातच गुंतून पडतो.

६/ हा धोका सविस्तर मांडला तो अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलक यांनी. ऑगस्ट २००३ मध्ये युझेनिक्स सुरक्षा परिषदेत त्यांचा निबंध सादर झाला. पर्लचे हॅश आणि स्क्विड हा प्रॉक्सी सर्व्हर त्यांनी तपासले. शिवाय घुसखोरी ओळखण्यासाठीच बांधलेली 'ब्रो' ही प्रणालीही तपासली.

७/ ब्रोवरील प्रयोग बोलका होता. टेलिफोनच्या तारेवरील साध्या मोडेमहूनही कमी वेगाने निवडक पॅकेट पाठवली गेली. सहा मिनिटांत त्या सर्व्हरची सारी गणनशक्ती खर्ची पडली आणि समोरून जाणाऱ्या रहदारीपैकी ७१ टक्क्यांपर्यंत भाग त्याच्या नजरेतून निसटू लागला. पहारेकऱ्यालाच हिशेबात अडकवून ठेवले होते.

८/ पर्लच्या देखभालकर्त्यांनी विलंब केला नाही. सप्टेंबर २००३ मधील ५.८.१ या आवृत्तीत कारकुनाच्या हिशेबात एक गुप्त संख्या मिसळली गेली. प्रोग्राम सुरू होताना ती दर वेळी नव्याने निवडली जाई. बाहेरच्या माणसाला कोणते पत्र कोणत्या रुमालात जाईल, हे आता सांगता येईना.

९/ या उपायालाही किंमत होती. नोंदींचा क्रम आता दर वेळी बदलू लागला. शिवाय ५.८.० साठी बांधलेल्या काही जोडघटकांशी नवी आवृत्ती जुळेना. नोव्हेंबर २००३ मधील ५.८.२ ने म्हणून माघारीची वाट काढली : क्रम पूर्ववत ठेवायचा, आणि एखादी साखळी संशयास्पद लांब झाली तरच गुप्त संख्येने फेरमांडणी करायची. ही तडजोड लक्षात ठेवावी. पुढे तिची गाठ पडणार आहे.

१०/ त्यानंतर आठ वर्षे गेली. पीएचपी, पायथन आणि जावा यांच्या प्रचलित आवृत्त्यांत तोच अंदाज करता येण्याजोगा हिशेब चालू राहिला. याला अज्ञान म्हणता येत नाही : निबंध सर्वांसाठी खुला होता आणि पर्लची दुरुस्तीही खुली होती. आपल्या दारी न आलेले संकट शेजाऱ्याचेच असते, ही समजूत तज्ज्ञांनाही सुटत नाही, एवढाच याचा अर्थ.

११/ २८ डिसेंबर २०११. बर्लिनमधील अठ्ठाविसाव्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान वेल्डे व्यासपीठावर आले. आठ वर्षांपूर्वीचाच दोष पीएचपी, जावा, पायथन, रुबी आणि मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटमध्ये जिवंत असल्याचे त्यांनी दाखवले. संकेतस्थळांचे जग ज्या पायावर उभे होते, त्या बहुतेक पायालाच तडा होता.

१२/ त्याच दिवशी रुबीची १.८.७ ही दुरुस्त आवृत्ती आली. १.९ मध्ये यादृच्छिक संख्या आधीच होती. मायक्रोसॉफ्टने महिन्याच्या ठरलेल्या मंगळवाराची वाट न पाहता २९ डिसेंबरलाच दुरुस्ती पाठवली. आठ वर्षे 'शक्य नाही' किंवा 'गरज नाही' वाटलेली दुरुस्ती दोष जगजाहीर होताच बाहेर येऊ शकते, हे या दोन तारखा सांगतात.

१३/ पीएचपीने हिशेब बदलला नाही. दारावर मर्यादा लावली. १० जानेवारी २०१२ च्या ५.३.९ मध्ये एका विनंतीतील नावांची संख्या १,००० वर थांबवली गेली. ५०० कोटी तुलना ५ लाखांवर आल्या. उपाय सोपा होता आणि जुन्या प्रोग्रामना कमीत कमी धक्का देणारा होता.

१४/ पण ही मर्यादा घालणाऱ्या नव्या ओळींतच एक चूक राहिली. स्टेफान एसर यांनी ती शोधली : आधी सर्व्हर फक्त अडवता येत होता, आता त्यावर परक्याचा कोड चालवता येऊ लागला. दुरुस्तीने मूळ दुखण्याहून मोठे दुखणे आणले. २ फेब्रुवारी २०१२ रोजी, म्हणजे २३ दिवसांनी, ५.३.१० ने ते भगदाड बुजवले.

१५/ अपडेट टाळणारे हाच दाखला देतील, आणि तो खोटा नाही. घाईच्या दुरुस्तीत धोका असतोच. परंतु जो ५.३.८ वरच बसून राहिला, त्याच्याकडे जगजाहीर झालेला जुना दोष शिल्लक राहिला. ५.३.९ चा धडा 'दुरुस्ती नको' असा निघत नाही. एक दुरुस्ती केली म्हणजे देखभाल संपली, असे मानू नये, असा निघतो.

१६/ पायथनपुढील पेच अधिक कठीण होता. कित्येक प्रोग्राम, विशेषतः त्यांच्या चाचण्या, नकळत नोंदींच्या क्रमावर विसंबल्या होत्या. एप्रिल २०१२ च्या २.७.३ आणि तिच्या भावंड आवृत्त्यांत संरक्षण आले, पण बंद अवस्थेत. ज्याला हवे त्याने ते स्वतः चालू करावयाचे. सप्टेंबर २०१२ च्या ३.३ मध्ये मात्र ते आपोआप चालू झाले.

१७/ हा निर्णय तर्काला धरून होता, पण न्याय्य होता का? वचन पाळले गेले. त्याची किंमत मात्र टिपणे न वाचणाऱ्यांनी मोजली. ज्याला धोका कळतो तो खटका दाबतो. ज्याला संरक्षणाची सर्वाधिक गरज, त्याला खटका आहे हेच ठाऊक नसते. बंद ठेवलेले संरक्षण जाणकारांपुरतेच उरते, म्हणून ते अर्धेच मानले पाहिजे.

१८/ जावाची अडचण निराळी. तिथे शब्दावरून क्रमांक काढण्याचे सूत्र भाषेच्या अधिकृत दस्तऐवजातच लिहिलेले आहे. ते बदलणे म्हणजे जाहीर करार मोडणे. मार्च २०१४ च्या जावा ८ ने सूत्राला हात न लावता रुमालाची रचना बदलली. रुमाल फार भरला की त्यातील कागद ओळीने न ठेवता वृक्षाकार मांडले जातात. गर्दी झाली तरी शोध झटपट होतो.

१९/ दरम्यान गुप्त संख्या नुसती मिसळून भागत नाही, हेही उघड झाले. दुबळ्या सूत्रातून ती शोधून काढता येते. २०१२ मध्ये जाँ-फिलिप ओमासाँ आणि डॅनियल बर्नस्टीन यांनी याच कामासाठी 'सिपहॅश' हे सूत्र मांडले. नोव्हेंबर २०१२ मध्ये रुबी १.९.३ ने आणि मार्च २०१४ मध्ये पायथन ३.४ ने ते स्वीकारले. २००३ च्या प्रश्नाला पायथनचे पुरते उत्तर अकरा वर्षांनी मिळाले.

२०/ आणि पर्लची ती तडजोड? २०१३ मध्ये असे आढळले की ५.८.२ मधील फेरमांडणीची युक्तीच फसवता येते : विशिष्ट नावे पाठवून स्मृती संपेपर्यंत तिला राबवता येते. जुन्या घटकांशी जुळवून घेण्यासाठी काढलेली पळवाट दहा वर्षांनी नवा दोष ठरली. मे २०१३ मधील ५.१८ ने गुप्त संख्येचा मार्ग पुन्हा धरला.

२१/ हा वाद इथे संपला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पायथन ३.१०.७ ने, एका देखभाल आवृत्तीनेच, ४,३०० हून अधिक अंकांच्या दशमान मजकुराचे संख्येत रूपांतर करण्यावर मूलतः मर्यादा घातली. कारण तेच : थोडा मजकूर, अवाढव्य श्रम. अजस्र संख्यांवर काम करणाऱ्यांनी आक्षेप घेतला. या वेळी मात्र संरक्षण चालू ठेवूनच पाठवले गेले आणि ज्याला नको त्याने बंद करावे, असे ठरले. दहा वर्षांत पारडे फिरले होते.

२२/ ते फिरले हेच योग्य झाले. चालू प्रोग्राम मोडू न देण्याचे वचन मोलाचे आहे. त्यावाचून कोणी भाषेवर विसंबणार नाही. पण जो प्रोग्राम कोणीही परका थांबवू शकतो, तो 'चालतो' असे म्हणणे ही शब्दांची कसरत आहे. सुसंगती आणि सुरक्षा समोरासमोर आल्या, तर गैरसोय जाणकाराने सोसावी आणि संरक्षण अजाणत्याला मिळावे.

२३/ इतिहासाच्या अभ्यासकाला बखर आणि अस्सल कागद यांतला फरक सांगावा लागत नाही. नव्या आवृत्तीचे कौतुकसोहळे ही बखर. देखभाल आवृत्तीचे टिपण हा अस्सल कागद. त्यात तारीख असते, दोषाचा क्रमांक असतो, काय बदलले आणि कोणासाठी जुने ठेवले याची कबुली असते. दोन ओळींच्या नोंदीमागे कधी आठ वर्षांचे मौन सापडते.

२४/ म्हणून तिसरा अंक बदलला की दोन गोष्टी कराव्यात. अपडेट करावे; आणि त्याचे टिपण वाचावे, विशेषतः 'मूलतः बंद' हे शब्द शोधावेत. २०१२ मध्ये २.७.३ बसवून निश्चिंत झालेल्या अनेकांचे संरक्षण त्या दोन शब्दांपाशीच थांबले होते.