कात्री लावण्याआधी

आपल्या मंडळाच्या पुढच्या अंकाचं मुखपृष्ठ कोलाजचं करायचं ठरलंय, ही मला मनापासून आवडलेली गोष्ट. गेले पंधरा दिवस ग्रुपवर नुसती कागदांची चर्चा चाललीय. कुणी म्हणतं पतंगाचा कागद आणा, कुणी गोणपाट, कुणी जुनी वर्तमानपत्रं. काहीतरी अतिवास्तववादी व्हायला हवं, स्वप्नासारखं, आणि त्यात 'टेक्श्चर' भरपूर हवं, यावर सगळ्यांचं एकमत. माझं भांडण आहे ते या शेवटच्या शब्दाशी.

शब्द वाईट नाही. मराठीत आपण त्याला पोत म्हणतो, आणि कापडाचा पोत बोटांनी बघायला आपल्याला आयांनीच शिकवलंय. पण कोलाजमधल्या तुकड्याला पोत असतो तसा पत्ताही असतो. तो कुठल्या तरी घरातून, दुकानातून, देवळातून, पेटीतून आलेला असतो. आपण नुसता पोत बघितला आणि पत्ता विसरलो, तर हातात राहते ती सजावट. आणि कधी कधी सजावटीपेक्षा वाईट काहीतरी राहतं. त्याबद्दलच लिहायचंय.

आधी थोडा इतिहास, कारण 'स्वप्नासारखं' म्हणजे काय हे तिथे कळतं. 1912 मध्ये पिकासोनं वेताच्या विणीचा छाप असलेलं ऑइलक्लॉथ थेट चित्रावर चिकटवलं आणि भोवती खरीखुरी दोरी लावली. पुढे 1919 मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात माक्स अर्न्स्टच्या हाती शाळेच्या शैक्षणिक साहित्याचा एक सचित्र कॅटलॉग पडला. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या वस्तू एकाच पानावर बघून त्याला भास झाल्यासारखं वाटलं, आणि त्याची कोलाजं तिथून सुरू झाली. पुढे 1929 ते 1934 या काळात त्यानं कोलाजच्या तीन कादंबऱ्या केल्या. एकोणिसाव्या शतकातल्या स्वस्त पुस्तकांमधली कोरीव छापचित्रं कापायची आणि अशी जोडायची, की सांधा दिसू नये. दिवाणखान्यात नीटनेटका माणूस उभा आहे आणि त्याच्या धडावर पक्ष्याचं डोकं आहे.

आता हा धक्का बसतो कशामुळे? पोतामुळे नक्कीच नाही, कारण सगळी चित्रं एकाच जातीच्या बारीक रेघांची आहेत. धक्का बसतो, कारण दिवाणखाना कुठला आणि पक्षी कुठला हे बघणाऱ्याला पक्कं माहीत आहे. स्वप्नात आजी रेल्वे स्टेशनवर भाकरी थापताना दिसली तर आपण दचकून उठतो, ते आजी आणि स्टेशन दोन्ही ओळखीचे असतात म्हणून. अनोळखी बाई अनोळखी जागी काही करत असेल, तर आपण कूस बदलून झोपू. म्हणजे अतिवास्तववादी कोलाज पत्त्यावरच उभं असतं. पत्ता पुसला की स्वप्नही गेलं.

माझं घर भीमपूरला आहे, आदिलाबाद जिल्ह्यात. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. घरात मराठी, बाजारात तेलुगू, कॉलेजात इंग्रजी, अशी आमची तऱ्हा. तिकडच्या एखाद्या जुन्या घरातली लोखंडी पेटी उघडली तर निजामाच्या राजवटीतला जमिनीचा उर्दू कागद निघतो, त्याखाली तेलुगू पासबुक आणि वर मराठी लग्नपत्रिका. तीन लिप्या एकावर एक. पोत म्हणून बघितलं तर फारच सुंदर: उर्दूची धावती वळणं, तेलुगूचे गोल दाणे, देवनागरीची शिरोरेघ. वर पातळ कागद लावला, की 'लेयर्ड' वगैरे.

पण त्याच थरांचा पत्ता वाचून बघा. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा होता. 1956 च्या भाषावार प्रांतरचनेत जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा त्या बाजूला गेले, आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. 2014 मध्ये तेलंगण झालं. 2016 च्या जिल्हारचनेत भीमपूर वेगळं मंडल झालं. घर जागेवरच होतं, त्याचा पत्ता तेवढा बदलत गेला. हे माहीत असलेला माणूस ते तीन कागद ज्या क्रमानं लावेल, त्या क्रमाला अर्थ येईल. माहीत नसलेल्याच्या हातून फक्त 'विंटेज लूक' तयार होईल.

आता मुद्द्यावर येते. काही दिवसांपूर्वी एका विद्यार्थी प्रदर्शनात एक कोलाज बघितलं. कुठलं, कुणाचं, ते महत्त्वाचं नाही. करणाऱ्याचा हात चांगला होता. एका युरोपीय संगमरवरी पुतळ्याच्या डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा मुकुट बसवला होता. खाली सोनेरी कागद, मध्ये जाळीचं कापड, वर मेणाचे थेंब. मुकुट मी लगेच ओळखला. तो गुसाडीचा होता. फोटोतल्या माणसाचा चेहरा कापून टाकला होता आणि पिसं तेवढी ठेवली होती. बाजूच्या चिठ्ठीवर कामाचं वर्णन काय, तर 'टेक्श्चर स्टडी'.

ज्यांना गुसाडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या जिल्ह्यात आणि शेजारच्या कुमुरम भीम आसिफाबादमध्ये राजगोंड समाज दिवाळीच्या सुमारास दंडारी करतो. त्यात नाचणारे गुसाडी मोरपिसांचा मुकुट घालतात, अंगाला राख फासतात, खांद्यावर कातडं घेतात, हातात काठी धरतात. तो पोशाख नाटकाच्या कपड्यांसारखा खुंटीवरून काढून चढवायचा नसतो. त्याची आधी पूजा होते आणि तो घालणाऱ्याला त्या दिवसांचे नियम पाळावे लागतात. मारलवाईचे कनक राजू यांना या नृत्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. 2024 मध्ये ते गेले. खरं तर गुसाडी स्वतःच एक मिश्रमाध्यम आहे: पीस, राख, कातडं, लाकूड, घुंगरू, माणूस. फरक एवढाच, की तिथे प्रत्येक तुकडा कुठून आला आणि नंतर कुठे जाणार, हे घालणाऱ्याला ठाऊक असतं.

यावर कुणी म्हणेल, फोटो तर इंटरनेटवर होता, त्यात काय एवढं? उत्तर देण्याआधी माझ्या घराचं सांगते. आम्ही कॅथोलिक. आमच्या प्रार्थनेच्या पुस्तकांमध्ये पवित्र मरियेची, संतांची छोटी छापील चित्रं असतात. कडेला सोनेरी रेघ, मागे प्रार्थना, हात लागून लागून कोपरे मऊ झालेले. पोताच्या दृष्टीनं याहून चांगला कागद मिळणार नाही. पण आशीर्वाद दिलेली वस्तू आम्ही कचऱ्यात टाकत नाही. ती जाळायची किंवा पुरायची अशी रीत आहे. झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या झावळ्या पुढच्या वर्षी जाळतात आणि तीच राख राखेच्या बुधवारी कपाळावर येते. शेजारची हिंदू घरं देवाची फाटलेली तसबीर नदीत सोडतात किंवा पिंपळाखाली ठेवतात. म्हणजे जुन्या कागदाला निरोप कसा द्यायचा, हे प्रत्येक घरानं ठरवलेलं असतं. आमच्या वर्गातली किती मुलं आपल्या देव्हाऱ्यातल्या चित्राचा चेहरा कापून 'टेक्श्चर स्टडी' करतील? फार थोडी. आणि जे करतील ते थरथरत्या हातानं करतील. मग गुसाडीचा चेहरा इतक्या सहज का कापला जातो? तो आपल्या घरातला नाही म्हणून. मला खुपलं ते हे.

आता उलट बाजू. अतिवास्तववाद जन्मालाच आला दारं तोडायला, आणि तुम्ही परवानग्या मागत बसा म्हणता? हा आक्षेप खोटा नाही. अर्न्स्टनंच 1930 मध्ये कार्मेल मठात जाऊ इच्छिणाऱ्या एका लहान मुलीच्या स्वप्नावर कोलाज-कादंबरी केली, त्यात धर्माची टर उडवली आहे. त्याआधी 1926 मध्ये त्यानं मरिया बाळ येशूला फटके देतेय असं चित्र काढलं आणि गदारोळ झाला. हे बघताना मला त्रास होतो, खोटं कशाला बोलू? तरी त्याचा हक्क मी मान्य करते. अर्न्स्ट कट्टर कॅथोलिक घरात वाढला होता. त्याच्या वडिलांनी लहानग्या माक्सलाच बाळ येशूच्या रूपात रंगवलं होतं. तो जे फोडत होता ते त्याच्या स्वतःच्या घरातलं भांडं होतं. भूपेन खख्खर मुंबईत वाढले. त्यांनी 1960 च्या दशकात देवांची बाजारातली छापील चित्रं कापून कोलाजं केली, तीही त्यांच्या भोवतालच्या गल्लीतली होती. घरचा माणूस भांडतो, आणि बाहेरचा वस्तू उचलून नेतो. दोन्हीला 'कलेचं स्वातंत्र्य' हे एकच नाव द्यायचं का?

बाहेरच्या माणसानं कधीच हात लावू नये, असंही मला म्हणायचं नाही. बर्लिनच्या दादा गटातली हाना होख बघा. 1920 च्या दशकात तिनं 'मानववंश संग्रहालयातून' अशा अर्थाच्या नावाची एक कोलाजमालिका सुरू केली. आफ्रिकेतल्या आणि इतर ठिकाणच्या मुखवट्यांचे, मूर्तींचे फोटो तिनं आधुनिक युरोपीय बायकांच्या शरीरांना जोडले आणि काही चित्रांत त्यांना चौथऱ्यावर उभं केलं. तुकडे कुठून आले हे तिनं शीर्षकातच सांगून टाकलं: संग्रहालयातून. दुसऱ्यांचे देव काचेत ठेवणारी नजर आणि बाईला चौथऱ्यावर ठेवणारी नजर तिनं शेजारी शेजारी आणून ठेवली. त्यावर वाद होऊ शकतो, पण वाद घालायला पत्ता हाताशी आहे. पॅरिसच्या मंडळींचंही तसंच गुंतागुंतीचं आहे. 1931 मध्ये तिथे वसाहतींचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा ब्रताँ, एल्युआर आणि त्यांच्या मित्रांनी 'तिकडे जाऊ नका' म्हणून पत्रक काढलं. त्याच वर्षी ब्रताँ आणि एल्युआर यांनी आपल्याकडचा आफ्रिका, अमेरिका आणि ओशनियातल्या मूर्तींचा संग्रह लिलावात विकला. चांगल्या हेतूच्या माणसांचीही ही गत. म्हणून आपण जपून राहायला हवं.

बरं, मग पोताचं काय करायचं? पोत सोडायचा नाहीच. तो मिळवायचा एक मार्ग अर्न्स्टनंच दाखवला आहे. 1925 च्या ऑगस्टमध्ये एका खाणावळीतली झिजलेली लाकडी जमीन बघून त्यानं तिच्यावर कागद ठेवले आणि शिसानं घासले. फळ्यांच्या रेषा कागदावर उमटल्या आणि त्यांत त्याला जंगलं आणि प्राणी दिसायला लागले. कागदाखाली नाणं ठेवून पेन्सिल घासायचा खेळ आपण सगळ्यांनी खेळलाय, तोच हा. याला फ्रॉटाज म्हणतात. यात काही कापावं लागत नाही. वस्तू जिथली तिथे राहते. तुम्हाला मात्र तिच्यापर्यंत जावं लागतं, वाकावं लागतं, हात काळे करावे लागतात. आणि वस्तू कुणाच्या दारात असेल, तर 'काका, जरा कागद घासू का?' असं विचारावंही लागतं. पोत आणि पत्ता एकदमच मिळतात.

कामाचं म्हणाल, तर थरांचे काही साधे नियम मी करून बघितले आहेत. जाड पुठ्ठा खाली, त्यावर गोणपाट किंवा कापड, कागद सगळ्यात वर. पतंगाचा कागद पाणी घातलेल्या फेविकॉलनं बसवला की जवळपास पारदर्शक होतो आणि खालची अक्षरं धुक्यातून दिसल्यासारखी दिसतात. तो ओला असताना ताणायचा नाही, फाटतो. सुकताना सुरकुत्या पडल्या तर पडू द्यायच्या. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही एक कागद चिकटवायचा, नाहीतर पुठ्ठा पुढच्या बाजूला वाकतो. कितीही थर चढवा, खालचा खडबडीतपणा वर येतोच. कोलाजची ही खोड मला सगळ्यात आवडते: खालचं काही पूर्ण लपत नाही.

तर मुखपृष्ठासाठी माझ्या चार सूचना. एक, प्रत्येक तुकड्यामागे पेन्सिलीनं लिहायचं: कुठला, कुणी दिला. सांगता आलं नाही, तर तो तुकडा बाजूला ठेवायचा. दोन, घरातले जुने कागद आणि फोटो कापायचे नाहीत. झेरॉक्स कापायची, मूळ कागद पेटीत परत. तीन, जिवंत माणसांच्या पूजेतल्या वस्तू आणि त्यांचे चेहरे त्यांना विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत, मग ते गुसाडी असोत की आमच्या पॅरिशमधल्या सिस्टर. चार, आतल्या पानावर तुकड्यांची यादी छापायची. एवढ्यानं स्वप्न मोडेल असं ज्यांना वाटतं त्यांना माझं एकच सांगणं: यादी वाचून पुन्हा मुखपृष्ठ बघा. तेच कागद आता दुप्पट विचित्र दिसतील, कारण ते कुठून कुठे आलेत हे तुम्हाला कळलेलं असेल.

मी पुढच्या आठवड्यात गावी जातेय. घासून आणायच्या वस्तूंची यादी तयार आहे: बंडीचं चाक, जात्याचा दगड, पऱ्हाटीचं वाळलेलं बोंड, चर्चमधल्या बाकाचं लाकूड. तुम्हीही आपापल्या दारातलं एकेक आणा. कात्री मंडळाच्या कपाटात आहेच, ती शेवटी काढू.