आभारप्रदर्शन



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. का ते पुढे येईलच.

शाळेत असताना आभारप्रदर्शन हे खातं कायम माझ्याकडे असायचं. स्नेहसंमेलन असो, पंधरा ऑगस्ट असो नाहीतर शिक्षणाधिकाऱ्यांची भेट असो, कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटच्या ओळीत मुख्याध्यापक मला न विचारताच माझं नाव लिहून टाकत. "सर, तुम्हाला ते जमतं." जमायचं हे खरं. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, मांडववाले, लाउडस्पीकरवाले, हार आणणारा शिपाई, सगळे ओळीने घ्यायचे आणि कुणी राहिलंच तर त्याला "ज्ञात-अज्ञात" या पोतडीत टाकायचं. तोवर मागच्या रांगा चपला शोधायला लागलेल्या असत.

शिवाय विषय मराठी. म्हणजे नववी-दहावीला पत्रलेखन आलंच. 'मामांनी वाढदिवसाला घड्याळ पाठवल्याबद्दल आभार मानणारे पत्र लिहा.' अशी किती पत्रं मी तपासली असतील याची गणतीच नाही. सगळे मामा घड्याळच पाठवायचे आणि सगळ्या भाच्यांचा अभ्यास त्यामुळे वेळेवर व्हायचा. मायना चुकला तर अर्धा गुण कापायचा. पण 'आईला आभाराचे पत्र लिहा' असा प्रश्न एवढ्या वर्षांत मी एकदाही काढला नाही. काढला असता तर मुलं हसली असती. एखाद्या पालकाने शाळेत येऊन विचारलंही असतं, गुरुजी, हे काय नवीन?

तर अशा या आभारतज्ज्ञाच्या घरी यंदा एप्रिलमध्ये काय झालं ते सांगतो. आमची सौभाग्यवती मागच्या ओट्यावर पाय घसरून पडली. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. मुलगा-सूनबाई पुण्याहून आले, आठवडाभर राहिले आणि नोकऱ्या असल्यामुळे परत गेले. पोळ्या आणि धुण्याभांड्यासाठी एक बाई लावून दिल्या. बाकी सगळं माझ्याकडे आलं. वय वर्षं शहात्तर, आणि चहापलीकडचा अनुभव शून्य. चहासुद्धा पूर्वी केला तो ती माहेरी गेल्यावर, आणि तोही साखरेचा डबा ती समोर काढून ठेवून गेलेली असताना.

पहिल्या आठवड्यात मला सर्वांत जास्त काय जड गेलं असेल? तुम्ही म्हणाल स्वयंपाक. स्वयंपाक जमतो हो. खिचडी कुकरच करतो. जड गेलं ते बारीकसारीक. रात्री दोन वाजता घशाला कोरड पडली म्हणून हात लांब केला, तर स्टुलावर तांब्या नाही. तोपर्यंत तांब्या तिथे असतो एवढंच मला ठाऊक होतं. तो कुणीतरी रोज रात्री भरून ठेवतं हे ठाऊक नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण कळलं नव्हतं. तसंच गॅसचं बटण रात्री सिलिंडरपाशी बंद करायचं, दूध उतू जाण्याआधी तिथे हजर असायचं, उद्याची मटकी आज भिजत घालायची, विरजण थोडं मागे ठेवायचं. पहिल्याच दिवशी मी सगळं दही संपवून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी शेजारी वाटी घेऊन विरजण मागायला गेलो. शेजारच्या वहिनी हसल्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही?"

मी तिला म्हटलं, "अगं, तू एवढं सगळं करत होतीस?" ती टीव्हीकडे बघत होती. म्हणाली, "मग? आपोआप होत होतं?"

आता माझा मुद्दा. आपल्याकडे घरात आभार मानत नाहीत, आणि तसं न मानण्याचा आपल्याला थोडा अभिमानही आहे. "आभार कसले मानता, आपण काय परके आहोत का?" हे वाक्य मीसुद्धा पुष्कळदा वापरलंय. आभार या शब्दात भार आहेच. तो मानला की उतरला, हिशेब मिटला. घरात हिशेब मिटवायचा नसतो, म्हणून घरात आभार नाहीत. हे सगळं वर्गात मी फार छान समजावून सांगत असे. नातू "थँक्यू आजी, थँक्यू आजोबा" करत घरभर फिरतो त्यावर मी मागे याच पानावर थोडं नाक मुरडून लिहिलं होतं, ते काहींना आठवत असेल. पाणी दिलं तरी थँक्यू, चादर घातली तरी थँक्यू. मला ते हॉटेलातलं वाटायचं.

पण गंमत बघा. आपण मराठी माणसं आभार मानत नाही असं थोडंच आहे? माझं गाव सिन्नर तालुक्यातलं, कोरडवाहू. श्रावणी अमावस्येला पोळा. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद आणि लोणी लावून मळायचे. वर्षभर जू ज्या खांद्यावर बसतं, नेमका तो खांदा. कृतज्ञता म्हणजे काय हे यापेक्षा चांगलं मला अजून कुणी सांगितलेलं नाही. कुठं दुखतं ते माहीत असलेला हात तिथेच फिरतो. पोळ्याच्या दिवशी बैलाला काम नाही. न्हाऊ घालायचं, शिंगं रंगवायची, झूल, गोंडे, मिरवणूक आणि संध्याकाळी पुरणपोळी. खंडेनवमीला कोयता, विळा, नांगराचा फाळ सगळ्यांना हळदकुंकू. दसऱ्याला पाटी-पुस्तकं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिचीही पूजा.

केरसुणीची पूजा. ती हातात धरणारीची नाही.

पोळ्याच्या दिवशी बैलाला सुट्टी, पण माझ्या आईला त्या दिवशी वर्षातलं सर्वांत जास्त काम असे. डाळ शिजवायची, पुरण वाटायचं, बैलांचा नैवेद्य, गड्यांचं जेवण, मग घरचे पुरुष, मग मुलं. ती जेवायला बसायची तेव्हा बाहेर मिरवणुकीची धूळसुद्धा खाली बसलेली असायची. पोळी बरेचदा उरलेली नसे. कटाच्या आमटीत भाकरी कुस्करून खायची. आम्ही कुणी ते वाईट बुद्धीने केलं नाही. फक्त बघितलं नाही.

आणि आता जे सांगणार आहे ते इथे लिहावं की नाही यावर दोन दिवस घालवले.

१९७२ चा दुष्काळ. मी आदल्या वर्षी बी.ए. होऊन घरी बसलेला, नोकरी नाही. विहिरीला पाणी नाही, बैल उन्हाळ्यातच विकलेले. आई आणि आक्का दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. मला आई जाऊ देत नसे, पदवीधर मुलगा खडी फोडताना लोकांनी बघायला नको म्हणून. मीही फार आग्रह धरला नाही. रेशनवर तेव्हा मिलो मिळायची, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. माझ्या वयाच्या वाचकांना नुसतं नाव वाचून तिची चव आठवेल. तिची भाकरी थापताना फुटायची, ताटात आली की कडक व्हायची, आणि पोटात गेली की जड बसायची. एका संध्याकाळी जेवताना मी म्हणालो होतो, "आज भाकरी करपलीय." एवढंच. आई काही बोलली नाही. करपलेला तुकडा तिने माझ्या ताटातून काढून घेतला.

आई १९९१ साली गेली. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, २००९ मध्ये एका लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात आक्का आणि मी जुन्या गोष्टी बोलत बसलो होतो. मी म्हटलं, मिलोचे दिवस आठवतात का गं? आक्का म्हणाली, "तुला कशाला आठवतील? तू कधी खाल्लीस मिलो?"

कणगीच्या तळाशी घरची ज्वारी थोडी उरली होती. आई रोज त्यातली एक ओंजळ वेगळी दळायची आणि एक भाकरी माझ्यासाठी करायची. शिकून आलेला आहे, त्याला सोसणार नाही म्हणून. बाकी सगळ्यांना मिलो. दादांच्या ताटात मिलो, माझ्या ताटात घरची ज्वारी. शेजारी-शेजारी ताटं. आक्काला वाटत होतं, मला हे माहीत आहे.

चिमणीच्या उजेडात रंग कळत नव्हता, असं मी पुढची काही वर्षं स्वतःला सांगून पाहिलं. पण मिलोचा तांबडा रंग अंधारातही कळतो हो. तो दिसत असणारच. मी माझ्या ताटाबाहेर बघितलं नाही. वर खाल्ली ती भाकरी मिलोचीच, असं समजून मिलोच्या आठवणीही सांगत फिरलो. वर्गातसुद्धा सांगितल्या आहेत.

त्यामुळे हल्ली सकाळी-सकाळी फोनवर फुलांच्या चित्रासकट 'आज ज्या तीन गोष्टींबद्दल तुम्ही कृतज्ञ आहात त्या लिहा' असले निरोप येतात, तेव्हा मी ते पुसत नाही, पण मनात येतं की लिहिणार काय? जे दिसलं तेच लिहिणार ना? मी १९७२ साली अशी वही घातली असती तर तिच्यात आकाश, पाऊस, पुस्तकं असं छान-छान आलं असतं. भाकरी आली नसती.

मग घरात आभार मानावेत की नाही? दादांनी आईला उभ्या जन्मात एक बरा शब्द बोललेला मला आठवत नाही. पण आठवड्याच्या बाजाराहून आले की गोडीशेवेचा पुडा ते थेट चुलीपाशी नेऊन ठेवत. आम्हा पोरांच्या हातात कधी देत नसत. ते त्यांचं आभारप्रदर्शन असावं असं मी बरीच वर्षं मानत आलो. आपल्या भाषेत "तू जेवलीस का?", "बस जरा", "दमलीस ना?" ही सगळी आभाराचीच वाक्यं आहेत, असंही मी म्हणायचो. अजूनही म्हणेन. पण पुरुषांनी ती किती वेळा म्हटली, हे आपापल्या घरात विचारून बघावं. न बोलता कळतं हे न बोलणाऱ्याला फार सोयीचं असतं. कळलं की नाही ते समोरच्याला कुणी विचारलंय?

मी विचारलं. मे महिन्यात नातू सुट्टीला आला होता. आजीचा हात गळ्यात बांधलेला, तरी तिने डाव्या हाताने त्याला लाडूचा डबा उघडून दिला. लगेच "थँक्यू आजी." तो खेळायला गेल्यावर मी तिला म्हटलं, तुला ते थँक्यू कसं वाटतं? परकं नाही वाटत? मला वाटलं होतं, ती माझ्या बाजूने बोलेल. ती थोडा विचार करून म्हणाली, "कानाला गोड लागतं हो."

जवळजवळ पन्नास वर्षांचं माझं तत्त्वज्ञान चार शब्दांत... असो.

त्या दिवसापासून मी सराव सुरू केला. थँक्यू काही माझ्या तोंडी बसत नाही, धन्यवाद म्हटलं तर ती सरळ सभेतून उठून जाईल. म्हणून साधं बोलायचं ठरवलं. प्लॅस्टर निघाल्यावर तिने हळूहळू स्वयंपाक हातात घेतला. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "आमटी चांगली झालीय." तर म्हणाली, "का? रोज चांगली नसते का?" दुसऱ्या दिवशी भाजीबद्दल बोललो तर तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. नव्याने बोलायला शिकणं या वयात अवघड आहे मंडळी, आणि समोरच्यालाही ऐकायची सवय नसते. पण तांब्या आता मीच भरून ठेवतो, दोघांच्या उशाशी एकेक. त्याबद्दल ती काही बोलत नाही आणि मीही तिला विचारत नाही.

लिहायला उशीर का झाला ते हे असं. आज सकाळी तिने उजव्या हाताने पातेलं उचलून कपात चहा गाळला. मनगट अजून थोडं थरथरतं. मी पेपर खाली ठेवला, एक घोट घेतला आणि म्हटलं, "वा, चहा फक्कड झालाय."

"साखर घालायची राहिलीय त्यात," ती म्हणाली.

डबा वरच्या फळीवर होता. मी उठून काढला.