विश्लेषण : नवजात ताऱ्यांच्या तेजातील चढउतारांमागे चुंबकीय क्षेत्र

जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यातील हौशी आकाशनिरीक्षक जे मॅकनील यांना लहानशा दुर्बिणीतून टिपलेल्या छायाचित्रात, मृग नक्षत्रात एक अनोळखी तेजोमेघ आढळला. ‘व्ही १६४७ ओरायनिस’ हा नवजात तारा अचानक उजळल्याने तो मेघ प्रकाशमान झाला होता. सुमारे दोन वर्षांत तारा मंदावला आणि २००८ मध्ये पुन्हा उजळला. सूर्यासारखे तारे नेमके कसे वाढतात, हा मूलभूत प्रश्न या चढउतारांशी निगडित आहे.

नवजात ताऱ्याभोवती वायू आणि धूळ यांची तबकडी फिरत असते. तिच्यातील द्रव्य हळूहळू आत सरकते. पण ते थेट ताऱ्याला भिडत नाही. अशा ताऱ्यांचे चुंबकीय क्षेत्र एक ते तीन हजार गॉसपर्यंत, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजारो पट प्रबळ असू शकते. हे क्षेत्र तबकडीची आतली कड ताऱ्याच्या काही त्रिज्यांच्या अंतरावर रोखून धरते. तेथून वायू चुंबकीय बलरेषांच्या वाटेने सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने ताऱ्यावर कोसळतो. आघाताच्या जागी तप्त डाग निर्माण होतात. तारा स्वतःभोवती फिरताना हे डाग कधी समोर येतात, कधी आड जातात आणि तेज बदलत राहते. १८५२ मध्ये जॉन रसेल हाइंड यांनी शोधलेल्या ‘टी टॉरी’ या ताऱ्यावरून अशा रूपविकारी ताऱ्यांच्या वर्गाला नाव मिळाले.

‘व्ही १६४७ ओरायनिस’च्या क्ष-किरणांवरून तो जेमतेम एका दिवसात स्वतःभोवती फिरतो आणि त्याच्या परस्परविरुद्ध बाजूंना असे दोन डाग असावेत, असा निष्कर्ष २०१२ मध्ये मांडण्यात आला.

मात्र डागांमुळे होणारे बदल आणि मोठे उद्रेक यांत फरक आहे. १९३६ मध्ये उजळलेला ‘एफयू ओरायनिस’ अद्याप पूर्वपदावर आलेला नाही. द्रव्याचा ओघ इतका वाढला की तबकडी चुंबकीय क्षेत्रालाच ताऱ्याकडे दाबते आणि त्याचा लगाम सैल होतो. द्रव्य एकसारख्या गतीने जमत असते, तर नवजात तारे आज दिसतात त्याहून अधिक तेजस्वी दिसायला हवे होते. या विसंगतीवर उद्रेकांतून होणारी वाढ हे एक प्रमुख उत्तर मानले जाते.

याचे परिणाम ग्रहनिर्मितीपर्यंत पोहोचतात. ‘व्ही ८८३ ओरायनिस’च्या उद्रेकामुळे तबकडीतील पाणी गोठण्याची सीमा सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे ४० पटींपर्यंत बाहेर सरकल्याचे चिलीतील ‘अल्मा’ दुर्बिणींच्या निरीक्षणांतून २०१६ मध्ये पुढे आले. ग्रहांना कोणता कच्चा माल मिळेल, हेही त्यामुळे अशा उद्रेकांवर अवलंबून ठरते.

या अभ्यासात भारताचा वाटा लक्षणीय आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने सप्टेंबर २००८ ते मार्च २०१३ या काळात ‘व्ही १६४७ ओरायनिस’च्या तेजाची १२४ रात्री, तर वर्णपटाची ५९ रात्री निरीक्षणे झाली. लडाखमधील हानले येथील हिमालयन चंद्र दुर्बीण आणि पुणे जिल्ह्यातील ‘आयुका’ची गिरवली दुर्बीण, या दोन मीटर व्यासाच्या दुर्बिणी त्यासाठी वापरल्या गेल्या. दुसऱ्या उद्रेकात तारा पहिल्यापेक्षा बराच संथपणे मंदावत असल्याचे त्यातून दिसले.

उद्रेक केव्हा होईल, हे सांगता येत नाही आणि तो वर्षानुवर्षे चालू शकतो. त्यामुळे महाकाय दुर्बिणींच्या युगातही मध्यम आकाराच्या दुर्बिणींवर मिळणाऱ्या सलग रात्री या संशोधनासाठी निर्णायक ठरणार आहेत.