‘काही नाही, घरीच असते’

वस्तीतल्या बायकांच्या कामाची पाहणी करायला आम्ही निघालो होतो. पहिल्याच घरी विचारलं, “ताई, दिवसभर काय करता?” ती म्हणाली, “काही नाही, घरीच असते.” हे सांगताना ती तांदूळ निवडत होती, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली, आणि कान नळाकडे. आमच्या कार्यकर्तीने तक्त्यात लिहिलं, ‘गृहिणी’.

मला जीन ऑल्टमन आठवली. मूळची गणिताची विद्यार्थिनी, केनियात अंबोसेलीला बबून माकडांचा अभ्यास करणारी. प्राण्यांचं वागणं टिपताना पुष्कळदा जे नजरेत भरेल तेच वहीत उतरायचं. आणि नजरेत काय भरतं? नरांच्या मारामाऱ्या! पिलू पोटाशी घेऊन दिवसभर खाणं शोधत हिंडणारी आई कोणाला दिसणार? १९७४ साली ऑल्टमनने निरीक्षणाच्या पद्धतींची एका लेखात झडती घेतली. कोणाकडे बघायचं ते आधी ठरवा, किती वेळ तेही ठरवा, आणि तेवढ्या वेळात ती जे जे करील ते सगळं नोंदवा, कितीही कंटाळवाणं असलं तरी. या शिस्तीने गुपचूप चालणारं वागणंही मोजता येऊ लागलं.

बायकांची माकडांशी तुलना करते म्हणून रागावू नका, मैत्रिणींनो. मी बोलतेय ते बघणाऱ्यांबद्दल.

आपल्याकडे सरकारने १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत वेळेच्या वापराची पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता. देशभराची पाहणी झाली ती थेट २०१९ मध्ये. बिनपगारी घरकामाला बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात, पुरुष ९७, असं त्यात निघालं. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८. मोर्च्यात सांगायला हे आकडे फार उपयोगी, मी त्यांना कमी लेखत नाही. पण ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्यांची. २०१९ मध्ये शंभरातल्या जेमतेम २६ पुरुषांनी त्या दिवशी घरकामाला हात लावला होता. ती ९७ मिनिटं त्या २६ जणांची! शिवाय सगळा हिशोब आदल्या दिवसाच्या आठवणीवर, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या कप्प्यांत. एका कप्प्यात एकाहून जास्त कामं लिहायची सोय आहे. पण नळाकडे लागलेला कान हे काम आहे, असं तिलाच वाटत नसेल तर ती सांगणार कशी?

म्हणून माझं मत असं, की पन्नास घरी तक्ते भरण्यापेक्षा पाच घरी आख्खा दिवस बसावं. गटात यावर वाद झाला. एक जण म्हणाली, ही हेरगिरी झाली. आपण बसलो की नवरा मुद्दाम हंडा उचलणार, सासू गोड बोलणार. तिचं खरं आहे. बबूनसुद्धा माणसाला सरावायला वेळ घेतात, आणि त्यांची परवानगी कोणी विचारत नाही. आपल्याला विचारावीच लागेल, आणि लिहिलेलं तिला वाचूनही दाखवावं लागेल.

तांदूळ निवडणाऱ्या ताईला मी विचारून आले. पहाटे पाचला ये म्हणाली. एकच अट घातली, नुसतं बघत बसायचं नाही, पाण्याच्या रांगेत उभं राहायचं.