आधी पात्रता, मग तिकीट

परदेशी सहलींच्या जाहिरातींत हल्ली ‘ई-व्हिसा उपलब्ध’ हे शब्द ठळक अक्षरांत असतात. वाचणाऱ्याची समजूत होते की व्हिसाचं काम झाल्यातच जमा आहे: फॉर्म भरायचा, कार्डाने पैसे द्यायचे, ईमेल आला की बॅग भरायची. म्हणून विमानाचं तिकीट आधी निघतं, हॉटेल ठरतं, सुट्टीचा अर्ज जातो आणि व्हिसाकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं. माझं म्हणणं आहे की हा क्रम उलटा आहे. ऑनलाइन झालाय तो फक्त अर्ज. तो कुणी करायचा, हे त्या त्या देशाचं सरकार ठरवतं आणि पहिला प्रश्न विचारतं तो तुमच्या पासपोर्टचा.

तुर्कीचंच पाहा. तिथला ई-व्हिसा झटपट मिळतो, हे खरं. पण भारतीय पासपोर्टवर तो हवा असेल तर अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांपैकी कुणाचा तरी चालू व्हिसा किंवा रहिवासाचा परवाना असावा लागतो. त्यातही या देशांचा इलेक्ट्रॉनिक व्हिसा चालत नाही. आता एक नेहमीचं घर डोळ्यांसमोर आणा. नवरा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला जातो, त्याच्याकडे दहा वर्षांचा व्हिसा आहे. बायकोचा पासपोर्ट कोरा आहे. सहल एक, तिकिटं एकाच दिवशी काढलेली, पण ई-व्हिसासाठी तो पात्र आणि ती अपात्र. तिला रीतसर कागदपत्रं जोडून, पासपोर्टवर चिकटवला जाणारा व्हिसा घ्यावा लागेल. त्याला किती दिवस लागतील, हे तिच्या हातात नाही.

याउलट व्हिएतनामने 15 ऑगस्ट 2023पासून सगळ्या देशांच्या नागरिकांना ई-व्हिसा खुला केला. मुदत 90 दिवसांपर्यंत, एकदाच प्रवेश हवा तर शुल्क 25 डॉलर, अनेकदा हवा तर 50. दोन्ही देशांच्या जाहिरातीत शब्द तोच, ‘ई-व्हिसा’. एका ठिकाणी तो जवळपास प्रत्येकाला मिळतो, दुसऱ्या ठिकाणी अट पुरी करणाऱ्यालाच.

अमेरिकेचं ‘एस्टा’, ब्रिटनचं ‘ईटीए’, न्यूझीलंडचं ‘एनझेड ईटीए’ या परवानग्यांबद्दलही असाच गोंधळ होतो. त्या काही मिनिटांत भरता येतात, असं मित्र सांगतो. त्याच्याकडे फ्रेंच पासपोर्ट असेल तर त्याचं खरंच आहे. पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही अशा देशांच्या नागरिकांसाठी त्या आहेत, आणि त्या यादीत भारत नाही. ऑस्ट्रेलियाचा पर्यटक व्हिसा आपल्यालाही ऑनलाइनच मागता येतो, पण तिथे बँकेची स्टेटमेंट, नोकरीचा पुरावा, परत येण्याची कारणं हे सगळं तपासलं जातं. अर्ज संगणकावर भरला म्हणून तपासणी सैल होत नाही.

राष्ट्रीयत्व जुळलं तरी पासपोर्टचे बारकावे उरतात. पोचल्यावर किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी, अशी अट अनेक देश घालतात. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, पण लहान मुलांचा साधारण पाचच वर्षांचा असतो. आईबाबांच्या मुदती पाहून निर्धास्त झालेलं घर नेमकं मुलाच्या मुदतीवर अडतं. नावाचंही तसंच. नुसतं एकच नाव असलेल्या, आडनावाचा रकाना रिकामा असलेल्या पासपोर्टवर पर्यटक म्हणून प्रवेश देणार नाही, असं संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर 2022मध्ये जाहीर केलं. आपल्याकडे लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव यांची वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळी मांडणी असते. अर्जात नाव पासपोर्टवर छापलंय तसंच, अक्षर न अक्षर, भरायला हवं.

भारतात येणाऱ्यांनाही हे चुकत नाही. न्यू जर्सीतलं मराठी कुटुंब पुण्याला लग्नाला येतं तेव्हा आजीकडे भारतीय पासपोर्ट असतो, वडिलांकडे अमेरिकन पासपोर्ट आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय येऊ देणारं ओसीआय कार्ड, आणि तिथेच जन्मलेल्या नातवाकडे फक्त अमेरिकन पासपोर्ट. त्या नातवाला भारताचा ई-व्हिसा लागतो, तोही त्याच्या स्वतःच्या पासपोर्टवर, सहा महिन्यांची मुदत आणि दोन कोरी पानं शिल्लक असताना. आणि आई-वडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तानात जन्मलेले असतील, तर अर्जदाराचा पासपोर्ट कुठलाही असो, आपलं सरकार त्याला ई-व्हिसा देत नाही, नेहमीच्या व्हिसाकडे पाठवतं. पात्रता माणसागणिक ठरते, कुटुंबागणिक नाही.

‘एजंट बघेल’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. एजंट फॉर्म भरतो, पण त्यातली माहिती खरी असल्याची हमी तुमच्या नावाने जाते. चेक-इनच्या काउंटरवर विमान कंपनीचा कर्मचारी प्रवेशाचे नियम तपासतो, कारण अपात्र प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याची जबाबदारी कंपनीवर येते, अनेक देशांत दंडही होतो. तो तुम्हाला थांबवतो तेव्हा त्याचं चुकत नाही. पण तोवर तुमचे पैसे गेलेले असतात.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. आपण प्रवाशांनी त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावरून अधिकृत अर्जाच्या पानावर जावं आणि घरातल्या प्रत्येक पासपोर्टची पात्रता तिथे तपासावी. शोधात वर दिसणारी जाहिरात सरकारी असेलच असं नाही. दिसायला सरकारीच वाटणारी, जास्तीचं शुल्क उकळणारी पानं भारताच्या व्हिसाच्या नावानेही चालतात. आणि सहल कंपन्यांनी ‘ई-व्हिसा उपलब्ध’च्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, तो कुणाला मिळतो हे छापावं, ग्राहकाची पात्रता तपासून झाल्याशिवाय परत न मिळणारे पैसे घेऊ नयेत. वर्षानुवर्षं पैसे साठवून पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या माणसाला हे नियम ठाऊक नसतात. कंपनीला ते ठाऊक असतात आणि ते सांगण्याचेच पैसे ती घेते.