विश्लेषण : वैमानिकांच्या झोपेचं गणित सॉफ्टवेअर कसं मांडतं? ‘इंडिगो’चं नेमकं कुठे चुकलं?

डिसेंबर २०२५. विमानतळांवर बॅगांचे ढीग आणि काउंटरवर चढलेले आवाज. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत ‘इंडिगो’ची अडीच हजारांहून जास्त उड्डाणं रद्द झाली, तीन लाखांवर प्रवासी अडकले. कारण सांगितलं गेलं ते वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांचं. पण हे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते! नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) चौकशीत जी कारणं पुढे आली, त्यांत ‘अति-ऑप्टिमायझेशन’ आणि सॉफ्टवेअरमधल्या उणिवाही होत्या. म्हणजे नक्की काय?

रोस्टर बनतं कसं?

हजारो वैमानिक, रोजची दोन हजारांहून अधिक उड्डाणं. कोण कुठून कुठे जाईल, मुक्काम कुठे करेल, याच्या शक्यता इतक्या की कागदावर मांडणं अशक्य. हे काम सॉफ्टवेअर करतं. त्यातला गणित सोडवणारा भाग, म्हणजे ऑप्टिमायझर, हुशार असला तरी त्याला ‘झोप’ म्हणजे काय हे ठाऊक नसतं. प्रत्येक शक्यता तो नियमांच्या भागाला दाखवतो आणि विचारतो, हे चालेल का?

हे नियम लिहायला खास भाषा असतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या कारमेन सिस्टिम्स या कंपनीची ‘रेव्ह’ ही त्यातली नावाजलेली. २००६ मध्ये बोईंगने ही कंपनी विकत घेतली. अशा भाषेचा फायदा सरळ आहे. देश बदलला, युनियनशी नवा करार झाला, तरी गणिताला हात न लावता फक्त नियम बदलता येतो.

मग अडलं कुठे?

आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. सॉफ्टवेअरसाठी हा एक आकडा. ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहाला संपू लागली, हाही एकच आकडा. पण साडेपाचला उतरणारं विमान आता रात्रीत मोजलं जातं आणि रात्रीच्या ड्युटीत लँडिंग सहाऐवजी दोनच. एक आकडा बदलला की शेकडो जोड्या मोडतात आणि जास्त वैमानिक लागतात. किती, हे तेच सॉफ्टवेअर काही महिने आधी सांगू शकतं. नवा नियम घालून जुनं वेळापत्रक चालवून बघायचं, बस्स. उत्तर आल्यावर भरती करायची की उड्डाणं कमी करायची, हे मात्र माणसांनीच ठरवायचं असतं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. नियमात ४८ तास असतील तर ऑप्टिमायझर ४८ तासच देतो, पन्नास देत नाही. त्याच्या लेखी बसून असलेला वैमानिक म्हणजे निव्वळ खर्च. धुकं पडलं, विमान बिघडलं, तर हाताशी कोण, ही सवड कायद्यात नसते. ती कंपनीने स्वतःचा नियम म्हणून लिहावी लागते. डीजीसीएच्या चौकशीतही हेच निघालं : रोस्टर ड्युटीचे तास जास्तीत जास्त ताणणारे होते, सावरायला जागा नव्हती. त्यामुळे ‘सॉफ्टवेअर चुकलं’ हे अर्धसत्यच म्हणायला हवं. सांगितलं तेच त्याने चोख केलं.

आणि एका वाक्याची किंमत बघा. ‘साप्ताहिक विश्रांतीऐवजी रजा धरता येणार नाही’ ही अट ५ डिसेंबरला मागे घेण्यात आली. रजेचे दिवस विश्रांतीत मोजायची मोकळीक मिळाली, तसे कामाला वैमानिक वाढले. एकही नवी भरती न होता! रात्रीच्या नियमांतूनही ‘इंडिगो’ला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. विमानं उडू लागली, पण ज्यांच्या थकव्यासाठी नियम आले होते, त्या वैमानिकांच्या खात्यात जुनीच रात्र आली.

जानेवारीत डीजीसीएने कंपनीला २२.२० कोटींचा दंड केला आणि ५० कोटींची बँक गॅरंटी मागितली. ती एकदम सुटणार नाही. मनुष्यबळ, रोस्टर आणि डिजिटल यंत्रणेतल्या सुधारणा तपासून, टप्प्याटप्प्याने सुटेल.