दोन विजयांचा हंगाम

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या नोंदवहीत मार्शल विद्यापीठाच्या १९७१ सालच्या हंगामापुढे एवढाच तपशील आढळतो : सामने १०, विजय २, पराभव ८. केवळ आकड्यांवरून निष्कर्ष काढणारा कोणीही हे वर्ष तोट्याचे ठरवील. परंतु कोणताही ताळेबंद वाचताना आरंभीची शिल्लक पाहावी लागते. आणि या संघाची आरंभीची शिल्लक जवळजवळ शून्य होती.

वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ओहायो नदीच्या काठी हंटिंग्टन नावाचे शहर आहे. मार्शल विद्यापीठ तेथलेच. तिकडचा फुटबॉल आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून वेगळा. लंबगोल चेंडू हातात धरून किंवा फेकून, अकरा जणांनी प्रतिपक्षाची फळी भेदत मैदानाच्या टोकापर्यंत न्यायचा, असा तो अंगमेहनतीचा खेळ. शनिवारी सामना असला की सारे गाव त्यात गुंतलेले असते.

१४ नोव्हेंबर १९७० हा असाच एक शनिवार होता. नॉर्थ कॅरोलिनातील सामना १७-१४ असा थोडक्यात गमावून संघ विमानाने परतत होता. रात्री, हंटिंग्टनचा विमानतळ अगदी जवळ आला असताना, ते विमान टेकडीवर कोसळले. विमानातील ७५ जणांपैकी कोणीही वाचले नाही. त्यांत ३७ खेळाडू होते, मुख्य प्रशिक्षक रिक टॉली आणि त्यांचे सहकारी होते, तसेच संघावर जीव लावणारे गावातील २५ प्रतिष्ठित नागरिकही होते. सत्तर मुलांनी आई किंवा वडील गमावले. त्यांपैकी अठरा मुले दोन्ही छत्रांना मुकली. सहा खेळाडूंच्या देहांची ओळखही पटली नाही. स्प्रिंग हिल स्मशानभूमीत त्यांना शेजारी शेजारी चिरविश्रांती देण्यात आली.

एवढ्या आघातानंतर खेळ बंद करावा, हा विचार पुढे येणे स्वाभाविकच होते. ज्या घरातला मुलगा गेला, त्या घराला मैदानावरचा जल्लोष कसा सहन व्हावा? उलट, दुखापतीमुळे त्या प्रवासाला न गेलेला नेट रफिन आणि त्याच्यासारखे मागे राहिलेले मोजके खेळाडू यांची इच्छा संघ टिकावा अशी होती. आपण थांबलो तर मित्रांचे नावही थांबेल, ही त्यांची भावना. दोन्ही बाजूंच्या दुःखात खोटे काहीच नव्हते. अखेर विद्यापीठाने संघ उभा करण्याचे ठरविले.

पण प्रशिक्षक मिळेना. एकाने पद स्वीकारले आणि अल्पावधीतच माघार घेतली. अखेर मार्च १९७१ मध्ये ओहायोतील वूस्टर या लहानशा महाविद्यालयाचे प्रशिक्षक जॅक लेंगेल यांनी ही जबाबदारी पत्करली. पूर्वीच्या प्रशिक्षकांपैकी रेड डॉसन नवे खेळाडू शोधण्याच्या कामानिमित्त मोटारीने गेल्यामुळे बचावले होते. स्वतः निवडून आणलेल्या मुलांना निरोप देण्याची वेळ ज्याच्यावर आली, त्याने पुन्हा त्याच मैदानावर उभे राहायचे होते. तरीही ते एक वर्ष लेंगेल यांच्या सोबतीला राहिले आणि त्यानंतर त्यांनी हे क्षेत्र सोडले.

त्या काळी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळण्याची मुभा नव्हती. क्रीडासंस्थेने मार्शलसाठी हा नियम शिथिल केला. कोवळी मुले, उरलेले थोडे अनुभवी खेळाडू आणि विद्यापीठातील इतर खेळांतले हौशी तरुण अशी जमवाजमव झाली. अशा संघाला झेपेल अशी खेळाची पद्धत शिकायला लेंगेल राज्यातील मोठ्या विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉबी बाउडन यांच्याकडे गेले. बाउडन यांनी आपले डावपेच हातचे न राखता त्यांच्यापुढे खुले केले. स्पर्धेच्या जगात असे औदार्य विरळाच.

पहिला सामना मोरहेड स्टेटने २९-६ असा सहज जिंकला. २५ सप्टेंबर १९७१ रोजी झेविअर विद्यापीठाविरुद्ध घरच्या मैदानावर दुसरा सामना झाला. अपघातानंतर गाव प्रथमच आपल्या संघाचा खेळ पाहायला जमले होते. शेवटचा डाव उरला तेव्हा मार्शल ९-१३ असे मागे होते. रेजी ऑलिव्हरने चेंडू प्रथम वर्षाच्या टेरी गार्डनरकडे दिला आणि गार्डनर तो घेऊन थेट अंतिम रेषेपार गेला. १५-१३! घड्याळातील वेळ संपली होती. लोक मैदानात धावले. अनेकांना हसावे की रडावे, हे कळेना. पुढे बोलिंग ग्रीनवर १२-१० असा आणखी एक विजय मिळाला. बाकी आठही सामने हरले.

लेंगेल चार हंगाम राहिले. त्यांच्या खाती एकूण ९ विजय आणि ३३ पराभव जमा आहेत. पराभवांपेक्षा विजय अधिक असा हंगाम मार्शलला १९८४ पर्यंत लाभला नाही. नंतर मात्र १९९२ मध्ये आपल्या श्रेणीचे राष्ट्रीय अजिंक्यपद आणि १९९९ मध्ये सलग तेरा सामन्यांत तेरा विजय, अशी फळे आली. ती लेंगेल यांच्या वाट्याची नव्हती. घर पडल्यावर जो पाया पुन्हा भरतो, त्याला पुष्कळदा माडीवर राहायला मिळत नाही. म्हणून त्याचे श्रम हिशेबातून वगळता येत नाहीत.

कुटुंबातही असे वर्ष येते. कर्ता माणूस जातो, धंदा बसतो, आणि त्या वर्षी घर केवळ टिकून राहते. नातलगांना त्यात प्रगती दिसत नाही. वर्ष वाया गेले, असेच सारे म्हणतात. पण चूल पेटती राहिली, मुलांची शाळा सुटली नाही, हीच त्या वर्षाची कमाई असते. ती कोणत्याही कोष्टकात मांडता येत नाही, एवढेच.

मार्शलच्या आवारात १९७२ मध्ये एक स्मारक-कारंजे उभारण्यात आले. दरवर्षी १४ नोव्हेंबरला गेलेल्यांचे स्मरण करून त्याचे पाणी बंद केले जाते. वसंत ऋतूत ते पुन्हा सुरू होते. नेट रफिन २००१ मध्ये निवर्तला. स्प्रिंग हिलमध्ये त्याच अनोळखी सहा मित्रांच्या सान्निध्यात त्याला जागा मिळाली.